सर्व्हरची रोजकीर्द वाचा, मगच कुलपे उघडा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक दोन प्रकारची मागणी करते. "भावाचा कागद दाखवा" ही पहिली. गुमास्ता कागद काढून हाती देतो, काम संपले. "एवढ्या ताग्यांचे बिल करा" ही दुसरी. येथे गुमास्त्याला बसावे लागते. तो वही उघडतो, मीटर मोजतो, मागची बाकी पाहतो आणि मग नवा कागद तयार करून देतो.

इंटरनेटवरील वेब सर्व्हर हा असाच एक गुमास्ता आहे. साधे पान किंवा फोटो मागितला की तो ती फाइल उचलून पाठवतो. पण ऑर्डर लिहून घेणे, बाकी दाखवणे, पावती क्रमांक देणे ही कामे करायची असतील तर त्याला लेखी सूचना द्यावी लागते. या सूचनेच्या फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. सर्व्हरने स्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नसते. ती स्वतः चालवून तिचे उत्तर तेवढे द्यायचे असते. आजचा आमचा सगळा पाठ या एका फरकावर उभा आहे.

सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांच्यातील देवाणघेवाणीचा पहिला सर्वमान्य करार १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात ठरला. त्याला सीजीआय म्हणतात. १९९५ साली त्याच केंद्राच्या सर्व्हरवरून 'अपाचे' नावाचा मोफत सर्व्हर तयार झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आमच्या रिसोडपर्यंत ते यायला पुढे बरीच वर्षे लागली. आज मात्र तालुक्याच्या गावचा व्यापारीही महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घेतो. त्यावर बहुधा अपाचे किंवा 'एनजिनएक्स' हा दुसरा सर्व्हर असतो. तेव्हा हा विषय आता शहरातल्या इंजिनिअरांचाच राहिलेला नाही.

आमच्यावर काय बेतले

आमच्या दुकानातून केनवड, रिठद, भर जहाँगीर आणि लोणार-सेनगावकडील लहान दुकानदार माल नेतात. फोनवरच्या ऑर्डरीत नेहमी घोळ होई. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक साधे पान करून घेतले. दुकानदाराने आपला खाते क्रमांक टाकावा, डिझाइन नंबर आणि मीटर लिहावेत, पावती क्रमांक घ्यावा. त्याच पानावर त्याला आपली उधारीची बाकीही दिसे.

लग्नसराईच्या तोंडावर आम्ही जुनी जागा सोडून नव्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवले. पान दिसू लागले, पण ऑर्डरचे बटण दाबले की '५००' हा आकडा आणि खाली इंग्रजीत 'इंटर्नल सर्व्हर एरर'. आमचा पुतण्या संगणक शिकलेला. तो रात्रभर बसला. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने सगळ्या फाइलींना ७७७ ही परवानगी दिली, म्हणजे सगळी कुलपे काढून टाकली. तरीही चालेना. मग त्याने स्क्रिप्ट तिच्या ठरलेल्या फोल्डरमधून उचलून साध्या पानांच्या फोल्डरमध्ये ठेवली, आणखी चार-पाच सेटिंगा एकदम बदलल्या आणि पहाटे झोपी गेला.

सकाळी रिठदच्या एका दुकानदाराचा फोन आला. "सेठ, तुमच्या पानावर फॉर्म नाही, नुसती इंग्रजी अक्षरे अन् कुठला तरी पासवर्ड दिसून राहिला."

गुमास्त्याने बिल करण्याऐवजी सूचनेचा कागदच गिऱ्हाइकाच्या हाती दिला होता. साध्या पानांच्या फोल्डरमधील ती फाइल 'चालवायची' आहे हे सर्व्हरला कोणी सांगितलेच नव्हते. त्या कागदावर आमच्या खातेवहीचा, म्हणजे डेटाबेसचा, पासवर्ड लिहिलेला होता. सुमारे चार तास तो जगासमोर उघडा होता.

आम्ही पान बंद केले, पासवर्ड बदलला. भेटींची नोंद तपासली तेव्हा दोन अनोळखी पत्त्यांवरून ते पान पाहिले गेल्याचे आढळले. डेटाबेस फक्त त्याच यंत्रावरून उघडेल अशी तजवीज पूर्वीच केलेली होती, म्हणून खातेवहीत कोणी शिरल्याची खूण मिळाली नाही. तरी उधारी असलेल्या प्रत्येक दुकानदाराला आम्ही फोन करून खरे काय ते सांगितले. माणसाची बाकी ही त्याची आणि आमची आपसातली गोष्ट, ती आमच्याकडे अमानत असते. बहुतेकांनी समजून घेतले. एका जुन्या गिऱ्हाइकाने शांतपणे संपूर्ण बाकी आणून दिली आणि त्यानंतर तो आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. त्याला दोष देता येत नाही.

अशी चूक फक्त लहानांकडून होते असे नाही. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या एका सर्व्हरची सेटिंग चुकली आणि त्यांच्या मुखपृष्ठाच्या स्क्रिप्टचा मजकूर काही लोकांच्या पडद्यावर तसाच आला. त्यांच्याकडे ती तत्काळ दुरुस्त करणारी माणसे होती. आमच्याकडे पुतण्या झोपलेला होता.

पहिला नियम : रोजकीर्द

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे चहा घेऊन पुन्हा बसलो. या वेळी आम्ही त्याला एकच अट घातली. दुकानात पैसे जुळले नाहीत तर आपण गल्ला बदलत नाही, आधी रोजकीर्द पाहतो. सर्व्हरची रोजकीर्द कोठे आहे, ती काढ.

ती असतेच. अपाचे दोन वह्या ठेवतो. एकीत कोण आले आणि काय मागितले याची नोंद, तिला 'ॲक्सेस लॉग' म्हणतात. दुसरीत काय बिघडले याची नोंद, ती 'एरर लॉग'. उबुंटू किंवा डेबियन प्रकारच्या यंत्रावर 'व्हार' फोल्डरमध्ये 'लॉग' आणि त्यात 'अपाचे२' असे शोधावे. रेडहॅट प्रकारच्या यंत्रावर शेवटच्या फोल्डरचे नाव 'एचटीटीपीडी' असते. भाड्याच्या सामायिक जागेवर कंट्रोल पॅनेलमध्ये 'एरर्स' किंवा 'लॉग्ज' असे बटण मिळते. ही नावे आम्ही उच्चाराप्रमाणे लिहीत आहोत. यंत्रावर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकावीत.

पडद्यावरचा ५०० हा आकडा गिऱ्हाइकासाठी असतो. त्याचा अर्थ एवढाच की आत काहीतरी बिघडले. बिघडले काय ते एरर लॉगच्या शेवटच्या दोन-चार ओळींत असते. एका खिडकीत लॉग उघडा ठेवावा, दुसरीत पानाचे बटण दाबावे आणि कोणती नवी ओळ पडते ते पाहावे. आदल्या रात्री पुतण्याने हा लॉग एकदाही उघडला नव्हता.

आकड्यांचा अर्थ

रोगाचा अंदाज आकड्यावरून येतो. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर फाइलच नाही, तेव्हा नाव आणि फोल्डर तपासा. लिनक्सवर मोठी लिपी व छोटी लिपी ही वेगळी अक्षरे धरली जातात हेही विसरू नये. ४०३ म्हणजे फाइल आहे, पण मनाई आहे. त्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालवण्याची मुभा, म्हणजे 'एक्झेक-सीजीआय' हा पर्याय, दिलेला नसला तरी हाच आकडा येतो. ५०० म्हणजे सर्व्हरने स्क्रिप्ट चालवायला घेतली आणि काम मध्येच मोडले. ५०२ बहुधा एनजिनएक्सवर दिसतो. एनजिनएक्स स्वतः स्क्रिप्ट चालवत नाही, ते काम तो शेजारच्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे सोपवतो. पीएचपीसाठी त्याचे नाव पीएचपी-एफपीएम. तो बंद पडला किंवा त्याचा पत्ता चुकला की ५०२ येतो.

आणि आकडाच न येता स्क्रिप्टचा मजकूर दिसू लागला किंवा फाइल डाउनलोड होऊ लागली, तर तो सर्वांत घातक प्रकार समजावा. सर्व्हरला ती फाइल चालवण्याची सूचनाच नाही. अशा वेळी आधी पान बंद करावे, पासवर्ड बदलावा, दुरुस्ती नंतर करावी.

आमच्या लॉगमधील तीन ओळी

आम्ही आधी स्क्रिप्ट तिच्या मूळ जागी, 'सीजीआय-बिन' या फोल्डरमध्ये परत ठेवली आणि सगळ्या परवानग्या पूर्ववत केल्या. मग बटण दाबले.

पहिली ओळ आली, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. म्हणजे फाइल नाही. पण फाइल तर डोळ्यांसमोर होती! याचा खुलासा असा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! ही खूण आणि तिच्यापुढे ती फाइल कोणत्या भाषेच्या कार्यक्रमाने चालवायची त्याचा पूर्ण पत्ता असतो. आमच्या स्क्रिप्टला पायथन भाषेचा कार्यक्रम लागतो. सर्व्हरला सापडत नव्हता तो हा कार्यक्रम.

हा पत्ता पूर्ण आणि बिनचूक लागतो. आमचा एकदा परतीचा माल नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या यंत्रमागवाल्याकडे जायचा होता. बिल्टीवर नुसते 'मालेगाव' लिहिले गेले आणि डाग आठ दिवस आपल्याच वाशिम जिल्ह्यातील मालेगावात पडून राहिला. तसेच एका यंत्रावर पायथन 'यूएसआर' मधील 'बिन' मध्ये असतो, तर दुसऱ्यावर 'यूएसआर' मधील 'लोकल' आणि त्यातील 'बिन' मध्ये. जुन्या यंत्राचा पत्ता नव्या यंत्रावर चालेलच असे नाही.

आमचा पत्ता मात्र बरोबर होता. दोष होता ओळीच्या शेवटी. लिनक्स ओळ संपल्याची एक खूण ठेवतो, विंडोज दोन ठेवतो. जुन्या टाइपरायटरवर एक दांडा ओढला की गाडी मागे जाई आणि कागद वर सरके, त्या दोन हालचालींच्या या दोन खुणा. फाइल विंडोजच्या संगणकावरून आल्यामुळे पत्त्याच्या शेवटी एक अदृश्य जादा खूण चिकटली होती, आणि सर्व्हर त्या खुणेसकट नाव शोधत होता. लिनक्सवर 'डॉस-टू-युनिक्स' नावाचा लहान कार्यक्रम ही खूण काढून टाकतो. चांगल्या एडिटरमध्येही 'एलएफ' असा पर्याय निवडता येतो.

दुसरी ओळ आली, 'मॉड्यूल नॉट फाउंड', आणि नाव सीजीआय. येथे आमची काहीच चूक नव्हती. पायथनमध्ये फॉर्म वाचण्यासाठी 'सीजीआय' नावाचे तयार मॉड्यूल वर्षानुवर्षे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. नव्या सर्व्हरवर नवी आवृत्ती, स्क्रिप्ट जुनी. सीजीआयचा करार संपलेला नाही, फक्त हे हत्यार पेटीतून गेले. ते 'लेगसी-सीजीआय' या नावाने वेगळे बसवता येते, किंवा फॉर्म वाचण्याच्या दोन-चार ओळी नव्याने लिहिता येतात. आम्ही दुसरा मार्ग धरला.

तिसरी ओळ, 'परमिशन डिनाइड'. स्क्रिप्ट आता चालत होती, पण ऑर्डर ज्या फाइलीत लिहायची तिच्यात लिहिण्याचा हक्क तिला नव्हता. अपाचे आपल्या नावाने काम करत नाही. उबुंटूवर त्याचा स्वतंत्र नोकर असतो, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. ती एक फाइल आम्ही त्या नोकराच्या नावे केली.

तीन दोष, तीन ओळी, दोन तास. आदल्या रात्री एकावर एक तीन कुलपे होती. पहिले उघडल्याशिवाय दुसरे दिसणारच नव्हते. पाच गोष्टी एकदम बदलल्यामुळे कशाने काय झाले हेही कळेनासे झाले होते.

७७७ चा हिशेब

परवानगीचे तीन आकडे तीन जणांसाठी असतात. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी सर्वांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १ आणि त्यांची बेरीज. म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सर्व हक्क, इतरांना वाचणे व चालवणे. स्क्रिप्टला बहुधा एवढे पुरते. साध्या पानाला ६४४ पुरते. ७७७ म्हणजे यंत्रावरील कोणत्याही वापरकर्त्याला तुमची सूचना खोडून स्वतःची लिहिण्याची मुभा.

पुष्कळ जणांना ठाऊक नसते की ७७७ मुळे काम उलट अडूही शकते. सामायिक सर्व्हरवर 'एसयू-एक्झेक' नावाचा पहारेकरी असतो. मालकाशिवाय इतर कोणी लिहू शकेल अशी स्क्रिप्ट किंवा तिचे फोल्डर दिसले की तो ती चालवण्यास नकार देतो, आणि पडद्यावर पुन्हा ५००!

फाइलची परवानगी बरोबर असून नकार येत असेल तर वरची फोल्डरे पाहावीत. गोदामाची किल्ली दिली आणि बाहेरचे फाटक बंद ठेवले तर हमाल आत जाणार कसा? वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याचा हक्क सर्व्हरच्या नोकराला हवा. रेडहॅट प्रकारच्या यंत्रावर 'एसई-लिनक्स' हा आणखी एक पहारा असतो. तो बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याऐवजी त्याच्या नोंदीत नकाराचे कारण वाचून तेवढीच मुभा द्यावी.

उघड्या कुलपांची किंमत किती हे ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत असा दोष निघाला की ज्यांनी बाहेरच्या फोल्डरांवरील मनाई काढून टाकली होती त्यांच्या फाइली परक्याला वाचता येत, आणि तेथे सीजीआय चालू असेल तर आज्ञाही चालवता येत. घाईघाईची दुरुस्ती अपुरी पडली आणि त्याच महिन्यात २.४.५१ काढावी लागली. मनाई जागेवर ठेवणारे या दोषातून बचावले.

उर्दू-मराठी लिहिणाऱ्यांसाठी

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मालाच्या टिपा आम्ही आजही उर्दूत करतो, पान मराठीत आहे. आमच्यासारख्यांना दोन दोष हमखास गाठतात. पहिला असा की जुना नोटपॅड युनिकोड फाइल जतन करताना तिच्या आरंभी 'बीओएम' नावाची तीन बाइटची अदृश्य खूण घालतो. मग #! ही पहिली अक्षरे राहत नाहीत आणि लॉगमध्ये 'एक्झेक फॉर्मॅट एरर' पडतो. फाइल 'यूटीएफ-८, बीओएमविना' अशी जतन करावी.

दुसरा दोष हेडरचा. स्क्रिप्टने उत्तरापूर्वी 'कंटेंट-टाइप' ही ओळ द्यायची असते आणि तिच्यानंतर एक ओळ कोरी सोडायची असते. ती राहिली की लॉग म्हणतो 'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स'. त्याच ओळीत यूटीएफ-८ चा उल्लेख करावा, नाहीतर 'पॉपलीन ४० मीटर' च्या जागी पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसू शकतो.

कामाचा क्रम

व्यापारी बंधूंनी पुढील क्रम कागदावर उतरवून संगणकाजवळ लावावा.

१. बदल करण्यापूर्वी चालू सेटिंगची नक्कल ठेवा.
२. एरर लॉगची शेवटची ओळ वाचा आणि लिहून घ्या.
३. हेडर, कोरी ओळ आणि एक शब्द एवढीच चिमुकली स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये ठेवून पाहा. ती चालली तर सर्व्हर ठीक, दोष मोठ्या स्क्रिप्टमध्ये. ती चालली नाही तर दोष सेटिंगमध्ये.
४. मोठी स्क्रिप्ट सर्व्हरच्या नोकराच्या नावाने आज्ञेच्या खिडकीत चालवून पाहा. तुमच्या नावाने चालते म्हणून त्याच्या नावाने चालेल असे नाही.
५. स्क्रिप्टमध्ये इतर फाइलींचे पूर्ण पत्ते लिहा.
६. एका वेळी एकच बदल करा. सर्व्हरची सेटिंग बदलली असेल तर आधी 'कॉन्फिग-टेस्ट' ही आज्ञा द्या, 'सिंटॅक्स ओके' आल्यावरच सर्व्हर पुन्हा लोड करा आणि लॉग पुन्हा वाचा.
७. पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची नावे असलेल्या फाइली साध्या पानांच्या फोल्डरबाहेर ठेवा. मग चुकून स्क्रिप्ट उघडी पडली तरी तिजोरीची किल्ली तिच्यात सापडणार नाही.

सातवा मुद्दा आम्ही नुकसान सोसून शिकलो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती रक्कम आमच्यासारख्यांच्या कल्पनेपलीकडची. पण कायदा नसता तरी गिऱ्हाइकाच्या बाकीचा कागद आपण कधी रस्त्यावर टाकला असता काय?

पान आता सुरळीत चालते. पुतण्या रोज दुकान उघडताना लॉग पाहतो, जसे आम्ही रोजकीर्द पाहतो. ते जुने गिऱ्हाईक बाजारात भेटले की सलाम-नमस्कार होतो. खाते मात्र त्याने अजून उघडलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.